आधी सनद, मग वाद

हदीसविषयी मराठीत दोन वाक्ये फार ठाम आवाजात ऐकू येतात. पहिले : पैगंबर गेल्यावर दोनशे वर्षांनी लोकांनी ऐकीव गोष्टी कागदावर उतरवल्या, त्यांना कसला आधार? दुसरे : हदीस आहे म्हटल्यावर विषय संपला, शंका काढणाऱ्याचे ईमानच कच्चे. ही दोन वाक्ये बोलणारे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. पण दोघांची चूक एकच आहे. हदीस तपासण्याचे जे शास्त्र आहे, त्याची परिभाषा दोघांनीही उघडून पाहिलेली नसते. सहीह, हसन, जईफ, मौजू, मुरसल, गरीब हे शब्द कानावर पडतात आणि जो तो आपल्या सोयीचा अर्थ लावून मोकळा होतो.

मी औंढा नागनाथचा. आमच्या देवळात नंदी मागच्या बाजूला आहे आणि तो तिथे का गेला याची कथा गावातल्या पोरासोरांना पाठ आहे. ऐकीव गोष्ट, तिची परंपरा आणि तिचा पुरावा हा प्रश्न आम्हाला परका नाही, म्हणून या वादात उतरतो आहे. माझा पक्ष आधीच मांडतो. हदीसशास्त्राची परिभाषा खात्रीच्या पायऱ्या मोजते. कोणत्या कथनावर किती भार टाकावा, एवढेच ती सांगते. ती बाजूला सारून हदीसचा आधार घेणारा आणि ती बाजूला सारून हदीस फेकून देणारा, दोघांचेही म्हणणे टिकत नाही.

आधी वस्तू जवळून पाहू. हदीसचे दोन भाग असतात. मजकूर म्हणजे मतन, आणि तो कोणी कोणाकडून ऐकला त्या नावांची साखळी म्हणजे सनद. साखळीतला प्रत्येक माणूस रावी. बुखारींच्या संग्रहातली अगदी पहिली हदीस घ्या. कर्माचे मोल त्यामागच्या हेतूवर ठरते, अशा अर्थाची. बुखारी ती हुमैदींकडून ऐकल्याचे सांगतात. हुमैदींनी सुफियानकडून ऐकली, सुफियाननी यह्या इब्न सईद अन्सारींकडून, यह्यांनी मुहम्मद इब्न इब्राहीम तैमींकडून, तैमींनी अल्कमा इब्न वक्कासांकडून, आणि अल्कमांनी प्रत्यक्ष खलिफा उमर यांना मिंबरावरून ती सांगताना ऐकले. बुखारींपासून पैगंबरांपर्यंत मध्ये सहा नावे. या नावांना गाव आहे, गुरू आहेत, शिष्य आहेत, आणि त्यांच्या सचोटीविषयी व स्मरणाविषयी जाणकारांनी नोंदवलेले अभिप्राय आहेत. त्या अभिप्रायांचे वेगळे शास्त्र आहे, जरह-व-तादील; म्हणजे रावीचे दोष काढणे आणि त्याची ग्वाही देणे. त्यात सिकह म्हणजे पूर्ण भरवशाचा, सदूक म्हणजे खरा पण स्मरणात थोडा कमी, मजहूल म्हणजे ज्याच्याविषयी पुरेसे ठाऊक नाही असा, मतरूक म्हणजे टाकून दिलेला, आणि अगदी तळाला कज्जाब, म्हणजे सरळ खोटारडा.

एखादी हदीस सहीह ठरायची तर पाच अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. साखळी कुठे तुटलेली नको. प्रत्येक रावी सचोटीचा हवा. त्याचे स्मरण किंवा लिखाण पक्के हवे. त्याचे सांगणे त्याच्याहून भरवशाच्या लोकांच्या सांगण्याशी विसंगत, म्हणजे शाज, नको. आणि वरून निर्दोष दिसणाऱ्या साखळीत आत दडलेला दोष, म्हणजे इल्लत, नको. १२४५ साली वारलेल्या इब्न सलाह यांनी आपल्या प्रसिद्ध मुकद्दम्यात या शास्त्राच्या ६५ शाखा मांडल्या. शेवटच्या दोन अटी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. नावे नुसती मोजून भागत नाही, एकाचे बोलणे दुसऱ्याशी ताडून पाहावे लागते, हे त्या सांगतात.

आता पहिला पूर्वपक्ष. दोनशे वर्षांचे अंतर. पैगंबरांचे निधन ६३२ सालचे, बुखारींचे ८७० चे. आकडा बरोबर आहे. पण या मधल्या काळात कोणी काही लिहिलेच नाही, हा त्यातला गृहीत धरलेला भाग चुकीचा आहे. मालिक यांचा मुवत्ता हा संग्रह आठव्या शतकातला. त्याच्याही आधीची, पैगंबरांचे सहकारी, म्हणजे सहाबी, अबू हुरैरा यांचे शिष्य हम्माम इब्न मुनब्बिह यांची छोटी वही, सहीफा, १३८ हदीसांची. तिची हस्तलिखिते बर्लिन आणि दमास्कसमध्ये शोधून, ताडून ती १९५३ साली प्रसिद्ध करणारे डॉक्टर मुहम्मद हमीदुल्लाह हे हैदराबादचे, म्हणजे आमच्याच जुन्या निजामी राज्यातले. या वहीतला मजकूर पुढच्या मोठ्या संग्रहांत ठिकठिकाणी भेटतो आणि त्यात भर घालून फुगवल्याचे दिसत नाही. मधली दोन शतके कोरी होती असे म्हणणाऱ्याने आधी या वहीचे काय करायचे ते सांगावे.

आणि हाच गज आपण आपल्या संतांना लावतो का? नामदेवांची समाधी १३५० ची धरतात. त्यांच्यासाठी देऊळ फिरले, हा प्रसंग सांगणारे पद शिखांच्या आदिग्रंथात आहे. तो ग्रंथ १६०४ साली सिद्ध झाला. अंतर २५४ वर्षे. महिपतींनी भक्तविजय १७६२ साली पुरा केला; अंतर ४१२ वर्षे. या अंतरामुळे नामदेवांचे चरित्र कोणी कचऱ्यात टाकत नाही, आणि टाकूही नये. महिपती प्रामाणिक होते. आपण नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधारे लिहितो, हे ते सांगून टाकतात. पण नाभाजींपासून नामदेवांपर्यंत कोण कोणाला सांगत आले, त्याची नावे हाती नाहीत. हदीसशास्त्राच्या भाषेत ही साखळी मुन्कते, मधेच तुटलेली. तेव्हा केवळ वर्षे मोजून हदीस उडवून लावणाऱ्याने मापात खोट ठेवली आहे. वर्षे आपल्याकडेही कमी नाहीत. फरक इतकाच की एकीकडे मधल्या माणसांची नावे नोंदवून त्यांची झडती घेतलेली आहे.

मराठीला ही रीत अगदीच अनोळखी आहे असेही नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या कशा? ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांना गाठून, विचारून, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन. पुढे मूळ पोथी गेली तेव्हा ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली गेली, आणि हिराइसा, रामेश्वरबास, परशरामबास यांच्या आठवणींत जिथे फरक पडला तिथे तो फरक नावानिशी ठेवला गेला. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ असा साक्षीदारांच्या नावांवर उभा आहे. तो वाचलेल्या माणसाने सनदीला ‘अरबांचा भाबडेपणा’ म्हणावे, याचे मला खरेच वाईट वाटते.

पण या पूर्वपक्षात एक वजनदार हरकत आहे, तिच्याकडे पाठ फिरवणे अप्रामाणिकपणाचे होईल. योजेफ शाख्त यांनी १९५० साली असे मांडले की सनदी काळाबरोबर मागे मागे वाढत गेल्या. कायद्याचे मत आधी एखाद्या शहरातल्या पंडितांचे होते, मग ते सहाबींच्या तोंडी घातले गेले आणि शेवटी पैगंबरांच्या. काही ठिकाणी असे घडले, हे खरे आहे. गंमत म्हणून नव्हे, पुरावा म्हणून सांगतो : ही तक्रार हदीसपंडितांनी स्वतःच हजार वर्षांपूर्वी नोंदवली आहे. सहाबींचे स्वतःचे बोलणे म्हणजे मौकूफ, पैगंबरांपर्यंत पोचवलेले म्हणजे मरफू. एखाद्या रावीने मौकूफ कथन मरफू करून टाकले, असा शेरा त्यांच्या ग्रंथांत जागोजागी आहे. त्यासाठीच तर इल्लत नावाची अट आहे. शाख्त यांच्यानंतर हाराल्ड मोट्झ्की यांनी जुन्या संग्रहांतल्या सनदी आणि मजकूर एकत्र ताडून दाखवले की अनेक कथने पहिल्याच हिजरी शतकापर्यंत मागे नेता येतात. म्हणजे वाद उघडा आहे, आणि तो एकेका हदीसवर चालतो. ‘सगळे खोटे’ म्हणून तो मिटत नाही.

आता दुसरा पूर्वपक्ष, आणि याच्याशी माझे भांडण अधिक मनापासून आहे, कारण तो श्रद्धेच्या नावाने बोलतो. एखादी हदीस जईफ आहे म्हटले की हे लोक दुखावतात. पैगंबरांच्या शब्दाला दुबळा म्हणता? पण जईफ हा शेरा पैगंबरांच्या शब्दावर नसतोच. हे शब्द पैगंबरांचेच, असे सांगणाऱ्या साखळीवर तो असतो. इतकेच काय, तो सांगणाऱ्याच्या चारित्र्यावरही असेलच असे नाही. इजिप्तचे काझी इब्न लहीआ यांचे उदाहरण बघा. विद्वान माणूस, लिहून ठेवणारा. म्हातारपणी त्यांचे ग्रंथ जळाले. त्यानंतर ते आठवणीतून सांगू लागले आणि चुका होऊ लागल्या. टीकाकारांनी काय केले? अनेकांनी त्यांचे नंतरचे कथन जईफ ठरवले, पण आग लागण्याआधी ज्यांनी त्यांच्याकडून ऐकले होते, अब्दुल्लाह इब्न मुबारक, अब्दुल्लाह इब्न वहब यांच्यासारख्यांचे, ते तुलनेने भरवशाचे मानले. एकाच माणसाच्या आयुष्यातला आगीआधीचा काळ आणि आगीनंतरचा काळ वेगळा तोलला. यात काझींचा अवमान कुठे आहे? कोणत्या न्यायालयाने साक्षीदाराची एवढ्या बारकाईने आणि एवढ्या सहानुभूतीने पारख केली असेल?

अवमान होतो तो उलट बाजूने. नूह इब्न अबी मर्यम नावाचा एक पंडित होऊन गेला. कुराणाच्या एकेका सूरेचे पुण्य सांगणाऱ्या हदीसा त्याने रचल्या. विचारले तेव्हा त्याने कारण दिले : लोक कायद्याच्या आणि लढायांच्या ग्रंथांत रमले, कुराणाकडे पाठ फिरवू लागले, म्हणून सद्हेतूने रचल्या. हाकिम यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. त्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायचे कारण नाही, आणि तरीही हदीसपंडितांनी त्याच्या कथनावर शिक्का मारला : मौजू, बनावट. चांगल्या कामासाठी केलेले खोटेही खोटेच, हा निर्णय त्यांनी आपल्याच पंथातल्या भाविक माणसाविरुद्ध दिला. आज मोबाइलवर ‘वीस जणांना पाठवा, सवाब मिळेल’ असे लिहून जे येते, त्यातले पुष्कळसे या नूहच्या वंशातले आहे.

मराठी व्यासपीठांवरची तीन नेहमीची उदाहरणे घेतो. शैक्षणिक कार्यक्रमात वक्ते हमखास सांगतात की पैगंबरांनी ज्ञानासाठी चीनपर्यंत जायला सांगितले. हे कथन इब्न जौझी यांनी बनावट कथनांच्या ग्रंथात घातले आहे. त्याच्या प्रसिद्ध साखळीतल्या अबू आतिका या रावीला खुद्द बुखारींनी नाकारले आहे. आणि हे सांगायची गरजही नाही, कारण ज्ञान मिळवणे प्रत्येक मुसलमानावर बंधनकारक आहे, या अर्थाची हदीस इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. तिची एकेक सनद दुबळी, पण वाटा इतक्या की मिज्झींसारख्या पारख्यांनी तिला हसनच्या, म्हणजे सहीहच्या खालच्या पण स्वीकारार्ह पायरीवर मानले. २६ जानेवारीला हटकून ऐकू येणारे देशप्रेम हा श्रद्धेचा भाग असल्याचे वाक्य तेराव्या शतकात सगानी यांनी बनावट ठरवले. सगानी लाहोरात जन्मलेले, म्हणजे याच उपखंडातले. देशावर प्रेम करायला हदीस लागत नाही. खोट्या हदीसवर उभे केलेले प्रेम मात्र पहिल्याच जाणकारासमोर लाजिरवाणे ठरते. तिसरे, स्वर्ग आईच्या पायांखाली असल्याचे. या सर्वपरिचित शब्दांची सनद दुबळी आहे. पण नसाईंच्या संग्रहात जाहिमा नावाच्या माणसाचा प्रसंग आहे. तो युद्धावर निघायची परवानगी मागायला येतो, पैगंबर विचारतात आई आहे का, तो हो म्हणतो, आणि पैगंबर त्याला तिच्याजवळच राहायला सांगतात, कारण जन्नत तिच्या पायांशी आहे. ही सनद हसन मानली जाते. सुभाषितापेक्षा हा प्रसंग किती अधिक जिवंत आहे! युद्धावर निघालेला मुलगा घरी परत पाठवला जातो. पारख केल्याने श्रद्धेचे नुकसान होते म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

काही जण चलाख असतात. ते म्हणतात, ठीक आहे, मग फक्त सहीह तेवढे घेऊ, आणि सहीह म्हटले की चर्चा बंद. हाही अडाणीपणाच. सनद सहीह आहे आणि हदीस सहीह आहे, या दोन विधानांत इब्न सलाह यांनी स्पष्ट फरक केला आहे. शिवाय किती वाटांनी कथन आले, याचे मोजमाप वेगळेच आहे. प्रत्येक पिढीत इतक्या जणांनी सांगितले की संगनमत अशक्य, ते मुतवातिर; त्याने खात्री मिळते. बाकी सगळे आहाद, आणि बहुसंख्य उसूलपंडितांच्या, म्हणजे कायद्याची मूलतत्त्वे मांडणाऱ्यांच्या, मते आहाद कथनाने दाट संभाव्यता मिळते, पूर्ण निश्चिती नव्हे. संग्रहांतल्या बहुतेक हदीसा आहाद आहेत. एखाद्या पिढीत एकच सांगणारा असेल तर ती गरीब. ‘गरीब’ म्हटल्यावर लोकांना बिचारी, दुबळी वाटते. पण वर सांगितलेली हेतूची हदीस पहिल्या चार पिढ्यांत एकेकाच माणसाकडून आलेली, म्हणजे गरीब, आणि तरीही निर्विवाद सहीह. यह्या इब्न सईद यांच्यानंतर मात्र ती सांगणाऱ्यांची रीघ लागली. एक परिभाषा संख्या मोजते, दुसरी गुणवत्ता. दोन्हींची सरमिसळ करून कोणी वाद घालू लागला की समजावे, याने पहिला धडाही वाचलेला नाही.

स्वतंत्र वाटांनी आलेल्या कथनाला मुतावअत आणि शवाहिद या नावांनी पुष्टी मिळते. याचा दाखला घरचाच घ्या : आमच्या तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभी राहते आहे. अमेरिकेत अशी दोन केंद्रे सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावर आहेत, आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोघांनाही जवळजवळ एकाच क्षणी तोच कंप जाणवला म्हणून तो विश्वातला मानला गेला. एकाच केंद्रात दिसता तर शेजारून गेलेल्या ट्रकचा समजला गेला असता. एका साक्षीदाराला ट्रक आणि तारा यांतला फरक सांगता येत नाही. हे तत्त्व बसरा, कूफा, मदिना या दूरदूरच्या शहरांतून आलेल्या सनदी ताडणाऱ्यांना चांगले माहीत होते. म्हणूनच दोन शहरांतल्या साखळ्या वरवर स्वतंत्र दिसून पुढे एकाच माणसाशी जुळल्या, की ते दोन साक्षी न मानता एकच मानत.

पायरी न पाहता कथन वापरले की काय होते, हे तलाकच्या वादात प्रत्यक्ष पाहायला मिळते. परवानगी असलेल्या गोष्टींत अल्लाहला सर्वांत नावडता तलाक, हे कथन हमीद दलवाईंच्या काळापासून आजपर्यंत मराठी लेखांत असंख्य वेळा आले. अबू दाऊद यांनी त्याच्या दोन सनदी लागोपाठ दिल्या आहेत. एकीत मुहारिब इब्न दिसार थेट पैगंबरांचे सांगतात, मधला सहाबी नाही; ती मुरसल. दुसरीत मध्ये इब्न उमर आहेत, ती जोडलेली. अबू हातिम यांच्यासारख्या पारख्याने मुरसलच खरी मानली, म्हणजे इब्न उमर यांचे नाव पुढे कोणाच्या तरी हातून घुसले. दुसरीकडे एका दमात दिलेले तीन तलाक पैगंबरांच्या, अबू बक्र यांच्या आणि उमर यांच्या पहिल्या दोन वर्षांच्या काळात एकच धरले जात, हे इब्न अब्बास यांचे कथन थेट मुस्लिम यांच्या सहीहमध्ये आहे. सुधारणावाद्यांनी दुबळा खांब धरला आणि बळकट खांब बहुतेक वेळा सोडून दिला. आणि पारंपरिक पक्षाला हेच बळकट कथन समोर ठेवून प्रश्न विचारता आला असता. अर्थात सहीह असूनही त्याच्या अर्थावर हनफी फकीह आणि अहले-हदीस यांचे मतभेद आहेत. सनद सिद्ध झाली म्हणजे कायदा आपोआप हाती येत नाही. तिथून फिक्हचे, म्हणजे कायद्याचा अर्थ लावण्याचे, काम सुरू होते. २२ ऑगस्ट २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणि २०१९ च्या कायद्यानंतर कायद्याचा प्रश्न वेगळा झाला, पण या कथनांची पायरी तिथेच आहे जिथे ती हजार वर्षांपूर्वी होती.

तिसरा आक्षेप छोटा आहे, पण मला तो सर्वांत बोचतो. हे सगळे अरबस्तानातले, आपल्याला काय करायचे? औंढा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, परभणी जिल्ह्यात. हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ साली. त्या राज्याच्या राजधानीत १८८८ साली दाइरतुल मआरिफ ही संस्था स्थापन झाली. जगभरातले हदीसचे विद्यार्थी ज्या ग्रंथांवाचून पाऊल टाकू शकत नाहीत, त्यांतले कित्येक पहिल्यांदा तिथे छापले गेले. रावींच्या चरित्रांचा इब्न हजर यांचा बारा खंडांचा तहजीबुत तहजीब तिथला. इब्न अबी हातिम यांचा जरह-व-तादीलवरचा मूळ ग्रंथ १९५२-५३ मध्ये, म्हणजे निजामी राजवट संपल्यावर, तिथूनच निघाला. तो सिद्ध करणारे मुअल्लिमी यमानी यमनहून येऊन सुमारे पाव शतक हैदराबादेत राबले. या संस्थेच्या उभारणीत ज्यांचा हात होता आणि ज्यांनी हैदराबादेत जामिया निजामिया काढली, ते अन्वारुल्लाह फारुकी १८४८ साली जन्मले ते नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला. कंधार आमच्यापासून किती लांब? निजामी जुलमाच्या आठवणी मराठवाड्यात ताज्या आहेत आणि त्या विसराव्यात असे मी कधी म्हणणार नाही. पण रझाकारांचा हिशेब मुअल्लिमींच्या टेबलावर मांडणे अन्यायाचे आहे. आमच्याच राज्यात छापलेल्या ग्रंथांना परके म्हणणे तर निव्वळ विस्मरण आहे.

आता नंदीकडे येतो, कारण दुसऱ्याच्या परंपरेला लावलेला गज आपल्या दाराशी लावून दाखवला नाही तर या लेखाला अर्थ राहणार नाही. आमच्याकडे सांगतात : नामदेव कीर्तन करीत होते, त्यांना देवळासमोरून उठवले, ते मागे जाऊन बसले, देऊळ त्यांच्याकडे फिरले आणि नंदी मागेच राहिला. हदीसपंडितासमोर हे ठेवले तर तो काय म्हणेल? मजकूर मशहूर आहे; पंजाब, राजस्थान, महाराष्ट्र अशा दूरदूरच्या वाटांनी आलेला. याचे वजन आहे. पण आदिग्रंथातल्या पदात देवळाचे गाव सांगितलेले नाही. औंढ्याचे नाव मराठी परंपरा जोडते. तेव्हा ‘जातीमुळे हाकललेल्या नामदेवासाठी देऊळ फिरले असे भक्त मानत आले’ हे बळकट विधान, आणि ‘ते देऊळ औंढ्याचे’ हे त्याहून एक पायरी खालचे. नंदी मागे आहे हा पुरावा पटकन पुढे केला जातो. पण त्यात इल्लत असू शकते : कथेमुळे नंदी मागे आहे, की मागे असलेल्या नंदीमुळे कथा इथे येऊन स्थिरावली? एवढा प्रश्न विचारल्याने माझ्या नामदेवांना काही होत नाही. शिंप्याच्या पोराला मागे बसवले आणि देव त्याच्याकडे वळला, हे औंढ्याच्या माणसाने छाती पुढे काढून सांगावे, आणि सांगताना त्याची पायरीही सांगावी.

याच देवळाबद्दल दुसरे एक वाक्य आहे, आणि ते आज अधिक पेटते आहे. खालचा भाग काळ्या दगडाचा, हत्तींच्या आणि देवतांच्या कोरीव पट्ट्यांचा, यादवकाळाच्या घडणीचा. वरचा भाग नंतरचा, पांढरा, साधा. औरंगजेबाने फोडले आणि अहिल्याबाईंनी बांधले, असे आम्ही ऐकत आलो. औरंगजेबाच्या हुकुमाने देवळे पाडली गेली याला मुघल इतिहासाचीच साक्ष आहे. काशीचे देऊळ १६६९ मध्ये पाडल्याची नोंद मआसिर-ए-आलमगिरीत आहे. ते नाकारणारा पुराव्याशी बेइमानी करतो. पण काशीची सनद औंढ्याला लागू होत नाही. दगडातला सांधा एवढेच सांगतो की वरचे काम नंतरचे आहे. कोणी मोडले, कोणी बांधले, हे दगड बोलत नाही. त्यासाठी औंढ्याचाच कागद, औंढ्याचाच शिलालेख, औंढ्याचाच साक्षीदार हवा. तो जोवर समोर ठेवला जात नाही तोवर हे कथन मशहूर म्हणून सांगावे, आणि त्याच्या जोरावर आजच्या कोणाच्या दारात जाऊन जाब मागू नये. हिंदूंना हे कडक वाटेल. मुसलमानांना चीनच्या हदीसबद्दल मी जे सांगितले, तेही त्यांना असेच कडक वाटले असेल.

शेवटचा आक्षेप संपादक मंडळींचा : वर्तमानपत्राच्या रमजानच्या सदरात, ईद-ए-मिलादच्या पुरवणीत एवढे पाल्हाळ कुठे मावणार? मावते. तापीकाठी बुऱ्हाणपुरात, खान्देशच्या फारुकी राजधानीत, १४८० च्या सुमारास जन्मलेल्या अली मुत्तकी यांनी पुढे मक्केत कन्झुल उम्माल हा ग्रंथ रचला. त्यात ४६ हजारांहून अधिक नोंदी आहेत. सगळ्या सनदी न देता प्रत्येक नोंदीपाशी मूळ संग्रहाची खूण म्हणून एक-दोन अक्षरे आणि सहाबींचे नाव ठेवले. बुखारीसाठी ‘खे’, मुस्लिमसाठी ‘मीम’. त्यांचेच शिष्य, पाटणचे मुहम्मद ताहिर, यांनी बनावट कथनांचा स्वतंत्र ग्रंथ करून लोकांना सावध केले. म्हणजे थोडक्यात आधार देण्याची रीत बुऱ्हाणपूरच्या माणसाने साडेचारशे वर्षांपूर्वी वापरून दाखवली आहे. मराठीत हदीस छापताना मजकुराखाली एक ओळ पुरे : संग्रह, सहाबींचे नाव, आणि पायरी. ‘नसाई, जाहिमा, हसन.’ ज्या मजकुराखाली ही ओळ देता येणार नाही, तो छापू नये.